राज्य सरकारच्या पेन्शनचा पैसा कुठून येणार? हिशेब स्वतः तपासण्याची पद्धत

सरकारी पेन्शनचा विषय निघाला की लगेच दोन बाजू पडतात. एक म्हणते, आयुष्यभर सेवा केली, हा आमचा हक्क आहे. दुसरी म्हणते, करदात्याने हा भार किती दिवस उचलायचा? सहसा दोन्ही बाजूंच्या हातात एक कागद नसतो: त्या वर्षी सरकारने पेन्शनसाठी किती रक्कम बाजूला ठेवायला हवी होती आणि प्रत्यक्षात किती ठेवली. त्या कागदापर्यंत पोहोचण्याचा रस्ता इथे टप्प्याटप्प्याने दिला आहे. कर्मचारी, संघटनेचा पदाधिकारी, पत्रकार किंवा साधा करदाता, कोणालाही तो चालता येईल. गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित लागत नाही.

आधी भूमिका स्पष्ट करतो. पेन्शन ही बक्षिसी नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा खटल्यात हेच सांगितले: पेन्शन ही सरकारच्या मर्जीवर दिलेली भेट नसून पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आहे. हे मान्य केले की पुढची गोष्ट आपोआप येते. मोबदला कामाचा असेल, तर त्याचा खर्च काम झाले त्याच वर्षी झाला. पैसे तीस वर्षांनी द्यायचे आहेत म्हणून तो खर्च तीस वर्षांनी होत नाही. जगभर राज्यांच्या पेन्शन व्यवस्था अडचणीत आल्या त्या बहुतेक वेळा ही गोष्ट नजरेआड केल्यामुळे. वचन मोठे होते म्हणून कमी वेळा, वचनाचा हप्ता चुकवला म्हणून जास्त वेळा.

पहिली पायरी: वचन नेमके काय आहे ते लिहून काढा

तीन प्रकार असतात. पहिल्यात पेन्शनची रक्कम ठरलेली असते आणि ती देण्याची जोखीम सरकारवर असते. दुसऱ्यात फक्त वर्गणी ठरलेली असते. निवृत्तीच्या वेळी खात्यात जे जमले असेल ते तुमचे आणि जोखीमही तुमची. तिसऱ्यात दोन्हींची सरमिसळ असते.

भारतातली जुनी पेन्शन पहिल्या प्रकारची. साधारणपणे शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि त्यावर महागाईनुसार वाढ. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून सैन्यदले वगळता नव्या भरतीसाठी ती बंद केली आणि एनपीएस, म्हणजे वर्गणीवर चालणारी राष्ट्रीय पेन्शन योजना, आणली. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांना परिभाषित अंशदान योजना लावली. दुसऱ्या प्रकारात मोडणारी ही योजना तेव्हा डीसीपीएस या नावाने ओळखली जाई; पुढे ती एनपीएसमध्ये सामावली गेली. केंद्राची १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेली एकीकृत योजना म्हणजे यूपीएस ही तिसऱ्या प्रकाराकडे झुकते: २५ वर्षे सेवा असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे, पण कर्मचारी १० टक्के आणि सरकार १८.५ टक्के वर्गणीही भरते.

अमेरिकेतल्या राज्यांत सूत्र वेगळे दिसते, पण आत्मा पहिल्या प्रकाराचाच. सेवेचे प्रत्येक वर्ष गुणिले एक ठरावीक टक्का गुणिले शेवटच्या काही वर्षांचे सरासरी वेतन. इलिनॉयमधल्या जुन्या गटातल्या शिक्षकांसाठी हा टक्का २.२ आहे आणि कमाल मर्यादा सरासरी वेतनाच्या ७५ टक्के.

सूत्र लिहिताना तीन बारकावे सोडू नका. वाढ कशी मिळते: ठरावीक दराने, महागाईनुसार, की निधीच्या प्रकृतीनुसार? इलिनॉयच्या जुन्या गटाला वर्षाला ३ टक्के चक्रवाढीने वाढ मिळते. म्हणजे साधारण २४ वर्षांत पेन्शन दुप्पट होते. दुसरे, वारसाला किती मिळते. आणि तिसरे, या पेन्शनखेरीज त्या माणसाकडे म्हातारपणाचा दुसरा आधार आहे का. अमेरिकेत राज्य व स्थानिक कर्मचाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक राष्ट्रीय सामाजिक सुरक्षा योजनेच्या बाहेर आहेत. इलिनॉय आणि कॅलिफोर्नियातले शिक्षक त्यांतच येतात. त्यांच्या पेन्शनची शेजारच्या राज्यातल्या पेन्शनशी तुलना करताना हे विसरले तर आकडा बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो.

दुसरी पायरी: पैसा साठतो की वाहतो?

काही राज्ये निधी उभारतात. दरवर्षी कर्मचारी आणि सरकार वर्गणी भरतात, ती शेअर, रोखे, मालमत्ता यांत गुंतवली जाते आणि पुढे त्यातून पेन्शन निघते. अमेरिकेतली जवळजवळ सगळी राज्ये अशी चालतात. दुसरीकडे आजच्या निवृत्तांची पेन्शन आजच्या महसुलातून दिली जाते, मागे काही साठलेले नसते. भारतातल्या राज्यांची जुनी पेन्शन अशीच चालते. सरकारच्या अर्थसंकल्पात ती लेखाशीर्ष २०७१ खाली सापडते: निवृत्तिवेत‍न व इतर सेवानिवृत्ती लाभ.

दोन्ही पद्धती कायदेशीर आहेत. पण तपासणीची साधने वेगळी लागतात. निधी असेल तर वर्गणी आणि गृहीतके तपासायची, म्हणजे तिसरी आणि चौथी पायरी. निधी नसेल तर महसुलाशी गुणोत्तर आणि येणारी निवृत्तीची लाट तपासायची, म्हणजे पाचवी. भारतातल्या राज्यांना आज दोन्ही लागतात, कारण एकाच वेळी जुन्यांची पेन्शन महसुलातून जाते आणि नव्यांची वर्गणीही महसुलातूनच जाते. हा दुहेरी भार बदलाच्या काळात अटळ असतो आणि तो साधारण एका पिढीभर टिकतो.

तिसरी पायरी: वर्गणी पूर्ण भरली का?

एकच पायरी करायला वेळ असेल, तर ही करा.

निधी असलेल्या प्रत्येक व्यवस्थेत ॲक्चुअरी, म्हणजे पेन्शन-विम्याच्या जोखमीचा हिशेब करणारा गणितज्ञ, दरवर्षी एक रक्कम काढून देतो: या वर्षी मालकाने, म्हणजे सरकारने, एवढे भरले पाहिजे. तिचे दोन भाग असतात. पहिला, या वर्षीच्या सेवेमुळे वाढलेल्या पेन्शनचा आजचा खर्च. समजा तो वेतनाच्या १५ टक्के आहे आणि कर्मचारी ६ टक्के भरतो. मग सरकारकडे ९ टक्के येतात. दुसरा भाग म्हणजे मागच्या वर्षांत राहिलेल्या तुटीचा हप्ता.

निधीच्या वार्षिक अहवालात मागच्या दहा वर्षांचा एक तक्ता असतो. एका रकान्यात ॲक्चुअरीने ठरवलेली वर्गणी, शेजारी प्रत्यक्ष भरलेली, मग दोघांतला फरक. अमेरिकेत सरकारी लेखामानक मंडळाच्या २०१२ च्या मानकांनंतर हे तक्ते अहवालाच्या शेवटी 'आवश्यक पूरक माहिती' या भागात नेमाने मिळतात. तो फरकाचा रकाना वरून खाली वाचा. दहाही वर्षे शून्याजवळ असेल तर व्यवस्था शिस्तीत आहे, मग बाकी आकडे कितीही मोठे असोत. सतत तूट दिसत असेल तर रोग तिथेच आहे.

इथे एक सापळा आहे आणि त्यात जाणकारही अडकतात. सरकार म्हणते, कायद्याने सांगितलेली वर्गणी आम्ही शंभर टक्के भरली. हे खरे असू शकते आणि तरीही पुरेसे नसू शकते, कारण कायद्यातली रक्कम आणि ॲक्चुअरीची रक्कम वेगळी असू शकते. इलिनॉय हे याचे सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण. १९९४ मध्ये तिथे कायदा झाला: २०४५ पर्यंत निधी ९० टक्क्यांवर न्यायचा, म्हणजे एकूण देण्याच्या ९० टक्के पैसा साठलेला असायला हवा, आणि त्यासाठी पहिली १५ वर्षे वर्गणी कमी ठेवून हळूहळू चढवत न्यायची. उद्देश शिस्तीचा होता. पण चढणीच्या काळात वर्गणी इतकी कमी होती की तुटीवरचे व्याजही भरले जात नव्हते. कायदा पाळला गेला तेव्हाही तूट वाढतच राहिली.

हे कसे घडते ते एका हिशेबात दिसते. तूट १०,००० कोटी धरा आणि निधीचा गृहीत परतावा ७ टक्के. या वर्षी तुटीवर ७०० कोटींचे व्याज चढले. सरकारने चालू सेवेचा खर्च भागवून वर ६०० कोटी भरले, आणि 'तुटीपोटी ६०० कोटी दिले' असे निवेदन केले. वर्षअखेर तूट १०,१०० कोटी झाली. पुढच्या वर्षी व्याज ७०७ कोटी. म्हणून अहवाल वाचताना हप्ता व्याजापेक्षा जास्त आहे का, एवढे एक वाक्य वहीत लिहून ठेवा. सोबत हप्त्यांची मुदतही बघा. काही ठिकाणी ३० वर्षांची मुदत दरवर्षी नव्याने सुरू होते, म्हणजे तीसचे एकोणतीस कधी होतच नाहीत. मुदत बंदिस्त आहे की दरवर्षी पुढे सरकते, हे अहवालात लिहिलेले असते.

न्यू जर्सीने हप्ते सरळ टाळले. १९९७ मध्ये राज्याने पावणेतीन अब्ज डॉलरच्या आसपास कर्जरोखे काढून पेन्शन निधीत टाकले आणि पुढची अनेक वर्षे आपली वर्गणी नाममात्र ठेवली. २०१० मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने, पेन्शन निधीची खरी स्थिती गुंतवणूकदारांपासून झाकल्याचा ठपका या राज्यावर ठेवला. एखाद्या राज्यावर अशी कारवाई होण्याची ती पहिली वेळ. २०११ मध्ये कर्मचाऱ्यांची वर्गणी वाढवली, निवृत्तांची महागाईवाढ थांबवली आणि बदल्यात सात वर्षांत पूर्ण वर्गणीवर येण्याचे वचन कायद्यात लिहिले. २०१४ मध्ये महसूल घटला तेव्हा सरकारने आपलाच हप्ता कापला. कर्मचाऱ्यांनी आपला वाटा भरणे चालूच ठेवले होते. अखेर २०२२ च्या वित्तीय वर्षात, सुमारे पाव शतकानंतर, राज्याने पूर्ण वर्गणी भरली.

कर्मचाऱ्याची वर्गणी पगारातूनच कापली जाते, ती चुकण्याचा प्रश्न येत नाही. चुकवता येते ती फक्त सरकारची. 'कर्मचाऱ्यांच्या हावेमुळे निधी बुडाला' असे कोणी म्हणाले तर आधी हा तक्ता पुढे ठेवा.

चौथी पायरी: गृहीतके दाबून बघा

तूट किती हे ज्या आकड्यावर सर्वाधिक अवलंबून असते तो म्हणजे डिस्काउंट रेट: पुढे द्यायच्या रकमेची आजची किंमत काढताना धरलेला दर. तीस वर्षांनी १०० रुपये द्यायचे आहेत. दर ७ टक्के धरला तर आज १३ रुपये बाजूला ठेवले की पुरतात. ५ टक्के धरला तर २३ रुपये लागतात. वचन तेच, माणूस तोच, फक्त एक आकडा बदलला आणि आजची जबाबदारी पाऊणपट वाढली. म्हणून राजकीय दबाव नेहमी दर चढा ठेवण्याकडे असतो.

बघायचे ते एवढेच: दर मागच्या वीस वर्षांत कसा बदलला? हळूहळू खाली आला असेल तर मंडळ वास्तवाला सामोरे जात आहे. कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन निधीने, म्हणजे कॅलपर्सने, तो ७.५ वरून ७ आणि २०२१ मध्ये ६.८ टक्क्यांवर आणला. दर खाली आणला की त्या वर्षी तूट फुगलेली दिसते, वर्तमानपत्रांत ओरड होते. खरे तर तूट आधीपासूनच होती, ती फक्त आता मोजली गेली. अशा वेळी मंडळावर टीका करण्यापेक्षा त्याचे कौतुक व्हायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच कॅलपर्सची उलटी गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९९९ मध्ये शेअर बाजार तेजीत होता, निधी शंभर टक्क्यांच्या वर होता. तेव्हा राज्याने पेन्शनचे सूत्र वाढवले, तेही मागच्या सेवेसकट. बाजाराच्या परताव्यातून खर्च निघेल, असे सांगितले गेले. त्यानंतर बाजार आधी २००० मध्ये आणि मग २००८ मध्ये कोसळला. चांगल्या वर्षांतली शिल्लक वाटून टाकायची आणि वाईट वर्षांतली तूट पुढच्या पिढीवर ढकलायची, हा प्रकार फार ठिकाणी दिसतो. म्हणून निधी भरलेला असताना केलेली प्रत्येक वाढ जास्त कडक नजरेने तपासा.

आयुर्मान, पगारवाढ, निवृत्तीचे सरासरी वय ही गृहीतकेही अहवालात असतात. ती किती वर्षांपूर्वी तपासली गेली तेवढे बघून पुढे जा. मालमत्तेचे दोन आकडे दिलेले असतात, बाजारभावाचा आणि काही वर्षांची सरासरी काढून गुळगुळीत केलेला. दोन्ही लिहून घ्या.

आणि ८० टक्के निधी म्हणजे प्रकृती ठणठणीत, हा समज सोडून द्या. असे कोणतेही मानक नाही. अमेरिकी ॲक्चुअरींच्या अकादमीने २०१२ मध्ये हा गैरसमज असल्याचे स्वतंत्र निवेदनच काढले. ७० टक्क्यांवर असून दरवर्षी पूर्ण हप्ता भरणारे राज्य हे ८५ टक्क्यांवर असून हप्ते चुकवणाऱ्या राज्यापेक्षा बऱ्या स्थितीत असते.

पाचवी पायरी: निधी नसेल तर महसुलाशी ताडून पाहा

भारतातल्या राज्यासाठी तीन कागद पुरतात: वार्षिक वित्तीय विवरणपत्र, 'अर्थसंकल्प संक्षेपात' ही पुस्तिका आणि महालेखापरीक्षकांचा राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचा अहवाल. सगळे फुकट आणि संकेतस्थळावर मिळतात. राज्याराज्यांची तुलना हवी असेल तर रिझर्व्ह बँकेचा राज्यांच्या अर्थसंकल्पांवरचा वार्षिक अभ्यास आहे.

अर्थसंकल्पात प्रत्येक बाबीला चार आकडे असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचाच सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. निष्कर्ष काढायचा तो प्रत्यक्ष आकड्यांवरून. अंदाजांची तुलना अंदाजांशीच करा. प्रत्यक्षाची अंदाजाशी केली तर नसलेली वाढ दिसते किंवा असलेली लपते.

आता वेतन, पेन्शन आणि व्याज यांची बेरीज करून तिला महसुली जमेने भागा. या तिघांना बांधील खर्च म्हणतात, कारण ते त्या वर्षात टाळता येत नाहीत. दहा वर्षांचे प्रत्यक्ष आकडे काढून तिघांचे वेगवेगळे टक्के एका कागदावर मांडा. एका वर्षाच्या टक्क्यापेक्षा रेषा कुठे चालली आहे ते महत्त्वाचे.

वेतनाचा आकडा घेताना सावध राहा. अनुदानित शाळा-महाविद्यालये आणि जिल्हा परिषदा यांचे पगार राज्यच देते, पण ते 'वेतन' या मथळ्याखाली न येता सहायक अनुदानात जातात. ते धरले नाहीत तर राज्याचा वेतनखर्च मोठ्या प्रमाणात कमी दिसतो. शिक्षकांचे पगार वगळून काढलेली टक्केवारी कोणी दाखवली तर ती बाजूला ठेवा.

मग निवृत्तीची लाट. मोठी भरती ज्या वर्षांत झाली, त्याच्या तीस-पस्तीस वर्षांनी मोठी निवृत्ती येते. त्या वर्षी फक्त मासिक पेन्शन वाढत नाही. उपदान (ग्रॅच्युइटी), रजा रोखीकरण आणि अंशराशीकरण यांच्या एकरकमी रकमाही त्याच वर्षी निघतात. अंशराशीकरणात पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग आगाऊ घेता येतो आणि १५ वर्षांनी तो पूर्ववत होतो, म्हणजे आज कमी दिसणारी मासिक पेन्शन पंधरा वर्षांनी पुन्हा चढते. एखाद्या वर्षी २०७१ चा आकडा एकदम उसळला तर घाबरण्याआधी हे एकरकमी भाग वेगळे काढून बघा.

एनपीएसमध्ये राज्याने स्वतःचा वाटा वेळेवर भरला का, हे महालेखापरीक्षकांच्या अहवालात स्वतंत्रपणे नोंदलेले असते. कर्मचाऱ्यांची कपात आणि राज्याचा हिस्सा आधी लोकलेख्यात (सरकारकडे ठेव म्हणून आलेल्या पैशांच्या खात्यात) लेखाशीर्ष ८३४२ खाली जमा होतो आणि तिथून निधी व्यवस्थापकांकडे जायला हवा. तिथेच रक्कम पडून राहिली, तर कर्मचाऱ्याचा बाजारातला परतावा बुडतो आणि राज्यावर व्याजाची जबाबदारी येते. आपल्या राज्याच्या अहवालात हा परिच्छेद शोधा. तो सहसा दीड-दोन पानांचाच असतो आणि फारसे कोणी वाचत नाही.

जुन्या पेन्शनकडे परतण्याचा निर्णय राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश यांनी २०२२-२३ मध्ये जाहीर केला. पहिली काही वर्षे यातून राज्याचे पैसे वाचतात, कारण एनपीएसचा १४ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा भरावा लागत नाही आणि २००४ नंतर लागलेले लोक अजून निवृत्त व्हायचे आहेत. बिल नंतर येते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या पत्रिकेतल्या अभ्यासानुसार, सगळी राज्ये परतली तर एकूण बोजा एनपीएसच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो आणि २०६० पर्यंत जादा भार वर्षाला जीडीपीच्या ०.९ टक्क्यापर्यंत पोहोचू शकतो. आधीच एनपीएसमध्ये जमा झालेले पैसे परत मागणाऱ्या राज्यांना, कायद्यात तशी तरतूद नसल्याचे उत्तर मिळाले, हेही हिशेबात धरा.

या प्रश्नात कर्मचाऱ्यांची वेदना खरी आहे. बाजाराच्या भरवशावर म्हातारपण सोडायची भीती वाटणे साहजिक आहे. २०२३ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात लाखो कर्मचारी संपावर गेले ते या भीतीपोटीच. पण हमी हवी असेल तर तिचा हप्ता आजपासून भरला जाईल याची तरतूदही मागणीतच असायला हवी. हप्त्याविना मिळालेली हमी किती टिकते ते न्यू जर्सीच्या निवृत्तांनी अनुभवले आहे.

सहावी पायरी: पगार आणि पेन्शन एकत्र मांडा

सरकारी माणसाला जास्त मिळते की कमी, हा वाद मूळ पगारावरून सुटत नाही. मूळ वेतन, भत्ते, सरकारची पेन्शन वर्गणी, आरोग्यविमा, रजांचे पैसे आणि निवृत्तीनंतरचे वैद्यकीय लाभ, सगळे एका रांगेत लिहा. मग तुलना त्याच शिक्षणाच्या आणि तेवढ्याच अनुभवाच्या खासगी नोकराशी करा. साधारण दिसणारे चित्र असे: खालच्या पदांवर सरकारी मोबदला बाजारापेक्षा बरा असतो, डॉक्टर, अभियंते, तंत्रज्ञ, वरिष्ठ अधिकारी यांच्या पातळीवर तो मागे पडतो. सरसकट 'जास्त' किंवा 'कमी' म्हणणारा अभ्यास त्यामुळे फारसा उपयोगी नाही.

वेतनवाढ रोखून सरकार कधी कधी पेन्शनमध्ये वाढ देते, कारण आजच्या अर्थसंकल्पावर ती दिसत नाही. पगार हा रोखीचा सौदा आहे आणि पेन्शन उधारीचा. उधारी वाढवून रोख वाचवणे नेहमी सोपे जाते. करार वाचताना ही अदलाबदल शोधा.

भारतात वेतन आयोगाची वर्षे स्वतंत्र तपासावीत. सातव्या आयोगाने मूळ वेतनाला २.५७ चा गुणक लावला आणि जुन्या निवृत्तांच्या पेन्शनलाही तोच लागला. महाराष्ट्रात तो १ जानेवारी २०१६ पासून लागू ठरला, प्रत्यक्ष सुधारित पगार २०१९ च्या जानेवारीपासून सुरू झाला आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत विभागली गेली. त्यामुळे एका निर्णयाचा खर्च अनेक वर्षांच्या अर्थसंकल्पांत सांडलेला दिसतो. आठवा आयोग केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केला आहे. राज्यांनी त्यासाठी आधीपासून काही बाजूला ठेवले आहे का, हा आत्ताच विचारण्याचा प्रश्न आहे.

रिकामी पदे आणि कंत्राटी भरती यांतून दिसणारी बचत जशीच्या तशी मानू नका. पद रिकामे ठेवले की वेतनाचा टक्का उतरतो आणि आरोग्य केंद्रात परिचारिका नसते. कंत्राटी माणसाचा पगार वेतनाऐवजी दुसऱ्या मथळ्याखाली जातो. टक्का सुधारला तर मंजूर पदे आणि भरलेली पदे यांचा तक्ताही लगेच मागा.

निवृत्तांचा आरोग्यविमा अमेरिकेतल्या राज्यांत बहुतेक ठिकाणी निधीविना, चालू महसुलातून दिला जातो. तो पेन्शनच्या तुटीत मोजलेला नसतो. त्याचा आकडा वेगळ्या टिपणीत शोधावा लागतो.

सातवी पायरी: कायदा काय बदलू देतो?

कोणतीही सुधारणा सुचवण्याआधी हे बघा, नाहीतर मेहनत न्यायालयात वाया जाते. इलिनॉयच्या १९७० च्या राज्यघटनेत लिहिले आहे की पेन्शनचे लाभ कमी करता येणार नाहीत. २०१३ चा सुधारणा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये याच कलमावर रद्द केला. त्याच्या आदल्या वर्षी निवृत्तांच्या आरोग्यविम्यालाही हेच संरक्षण असल्याचा निकाल आला होता. उलट न्यू जर्सीत २०१५ मध्ये न्यायालयाने म्हटले की विधिमंडळाने दिलेले वर्गणीचे वचन पुढच्या अर्थसंकल्पांवर सक्तीने लादता येत नाही. एकाच देशात, एकाच वर्षी, एकाच प्रश्नावर दोन दिशा.

अमेरिकेतले राज्य दिवाळखोरी जाहीर करू शकत नाही, शहर करू शकते. ऱ्होड आयलंडमधल्या सेंट्रल फॉल्स शहराने २०११ मध्ये ती केली तेव्हा काही निवृत्तांची पेन्शन निम्म्याच्या आसपास कापली गेली. डेट्रॉइटच्या दिवाळखोरीत सर्वसाधारण निवृत्तांची साडेचार टक्के कपात झाली आणि महागाईवाढ गेली. अलाबामातल्या प्रिचर्ड या छोट्या शहराने तर २००९ च्या सप्टेंबरात पेन्शनचे धनादेश पाठवणेच थांबवले, कारण निधीत पैसे उरले नव्हते. कायद्यातला हक्क आणि तिजोरीतला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्मचारी संघटनांनी दोन्हींवर लक्ष ठेवले पाहिजे.

आठवी पायरी: सुचवलेली सुधारणा कसाला लावा

योजना बंद करून नव्यांना वर्गणीवर टाकणे हा सर्वांत लोकप्रिय उपाय. त्याने जुनी तूट एका रुपयानेही कमी होत नाही. फक्त नवी जबाबदारी थांबते. मिशिगनने १९९७ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांसाठी आणि अलास्काने २००६ मध्ये हे केले. वेस्ट व्हर्जिनियाने शिक्षकांसाठी १९९१ मध्ये केले आणि २००५ मध्ये मागे घेतले.

कर्ज काढून निधी भरणे, जसे न्यू जर्सीने १९९७ मध्ये आणि इलिनॉयने २००३ मध्ये १० अब्ज डॉलर उचलून केले, हे मला जवळजवळ नेहमीच धोक्याचे वाटते. परतावा व्याजापेक्षा जास्त मिळेल या आशेवर ते उभे असते, आणि पेन्शनच्या हप्त्याला थोडी उसंत तरी असते, कर्जरोख्याच्या हप्त्याला तीही नसते.

जोखीम वाटून घेणाऱ्या व्यवस्था मला सर्वांत प्रामाणिक वाटतात. विस्कॉन्सिनमध्ये मूळ पेन्शनची हमी असते, पण वरची वाढ गुंतवणुकीच्या परताव्यावर चढते-उतरते. २००८ च्या मंदीनंतर २००९ ते २०१३ या काळात तिथल्या निवृत्तांना पूर्वी मिळालेल्या वाढीतला काही भाग परत द्यावा लागला. ते कडू होते, पण निधी पूर्ण भरलेल्यांच्या रांगेतच राहिला. कॅनडात ऑन्टॅरिओच्या शिक्षकांचा निधी १९९० पासून सरकार आणि शिक्षक मिळून चालवतात, आणि महागाईवाढीचा काही भाग निधीच्या प्रकृतीवर अवलंबून ठेवलेला आहे. निर्णय दोघांचा, तूटही दोघांची. अशा ठिकाणी हप्ता चुकवायला कोणीच तयार होत नाही.

प्रस्ताव कोणताही असो, त्याला हेच विचारा: पहिल्या पाच वर्षांत आणि पंचविसाव्या वर्षी राज्याची वर्गणी किती असेल? परतावा दोन टक्के कमी मिळाला तर फरक कोण भरेल? बचत दाखवली आहे ती कोणाच्या खिशातून? आणि हप्ता एखाद्या वर्षी चुकला तर काय होईल: आपोआप काही घडेल, की फक्त खेद व्यक्त होईल?

कामाला लागताना

एक वही किंवा एक तक्ता पुरेसा आहे. वर्ष, ठरलेली वर्गणी, भरलेली वर्गणी, डिस्काउंट रेट, वेतन, पेन्शन, व्याज, महसुली जमा, मंजूर पदे, भरलेली पदे. मागची दहा वर्षे एकदा भरा. नंतर वर्षातून एक ओळ वाढवायची. भारतातल्या राज्यासाठी ती ओळ अर्थसंकल्प मांडला गेल्यावर भरा आणि महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळात आल्यावर दुरुस्त करा. कागदात न सापडणारा आकडा माहितीच्या अधिकारात मागता येतो. मागताना लेखाशीर्ष आणि वित्तीय वर्ष नेमके लिहा, नाहीतर 'माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही' असे उत्तर येते. आमदारांना भेटायचे असेल तर पुरवणी मागण्यांच्या आधी भेटा. वेतन-पेन्शनची कमी धरलेली तरतूद तिथेच वाढवून घेतली जाते, आणि त्या चर्चेत आकडे घेऊन बोलणारा माणूस क्वचितच असतो.